पोस्टग्रेस रिव्ह्यू : तीनदा आपटला, पण आतली एक नोंद हलली नाही

आधी स्टार देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. ज्या दिवशी सर्व्हर पहिल्यांदा पडला त्याच संध्याकाळी लिहायला बसलो असतो तर एक स्टारसुद्धा दिला नसता, हे पण कबूल करून टाकतो.

तर पोस्टग्रेस-एसक्यूएल, सगळे नुसतं पोस्टग्रेस म्हणतात, हत्तीचं चित्र असलेला डेटाबेस. फुकट आहे, लायसनचा एक रुपया नाही. १९८६ ला अमेरिकेत बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत मायकल स्टोनब्रेकर यांनी ह्याची सुरुवात केली, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या पोरांपेक्षा वयानं मोठा आहे. आम्ही व्हर्जन १५ वापरतो. सात-आठ वर्षं झाली, तक्रार नाही, पण रोजचं काम काय असतं हो, छोट्या छोट्या एन्ट्र्या आणि महिनाअखेरीला चार रिपोर्ट. गाडी गावातल्या गावात फिरवून रिव्ह्यू लिहिण्यातला प्रकार. घाट लागला तो यंदा.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे दूध संघ, नाव नको घ्यायला. साधारण ६० हजार उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दूध घालणार, प्रत्येक वेळेची एक ओळ, त्यात तारीख, सकाळ का संध्याकाळ, संस्था, उत्पादकाचा कोड, गाय का म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम. आता ६० हजार गुणिले २ गुणिले ३६५ करा, वर्षाला ४ कोटी ३८ लाख ओळी होतात. असा तीन वर्षांचा जुना डेटा नव्या सर्व्हरवर घ्यायचा होता, म्हणजे १३ कोटींच्या वर. जुनं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोचं, म्हणजे जुन्या काळच्या एका डेटाबेसचं. फॉक्सप्रोची टेबल फाइल २ जीबीच्या पुढं जात नाही, म्हणून त्या जुन्या प्रोग्रामरनं महिन्याची एक अशा वेगळ्या फाइली ठेवल्या होत्या, तीन वर्षांच्या ३६. मी काय केलं, त्या सगळ्यांच्या सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविराम घातलेल्या साध्या मजकुराच्या फाइली, काढल्या आणि जोडून एकच मोठी फाइल केली, म्हटलं एक कमांड मारू आणि चहाला जाऊ. ही अक्कल माझी स्वतःची, दुसऱ्या कुणाची नाही.

सर्व्हर क्लाउडवरचा, ८ जीबी रॅम, १०० जीबी डिस्क, स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवरची उसनी जागा, अजिबात नाही. आणि त्याच सर्व्हरवर संघाचं रोजचं संकलन लाइव्ह चालू. हे सुद्धा चूकच, पण दुसऱ्या सर्व्हरचं कोटेशन मंजूर व्हायला मीटिंग लागते आणि मीटिंगला संचालक लागतात.

पोस्टग्रेसमध्ये ढीगभर डेटा आत घ्यायला कॉपी नावाची कमांड आहे आणि खरं सांगतो, पैसे वसूल फीचर आहे, पैसे दिलेले नसले तरी. आमची जुनी स्क्रिप्ट एकेक ओळ इन्सर्ट करायची आणि प्रत्येक ओळीला कमिट, म्हणजे दर ओळीमागं नोंद पक्की करायची, १० लाख ओळींना पाऊण तास. तेच कॉपीनं २५ सेकंदात. पहिल्या टेस्टला तो अडला होता, पण त्या अडण्यानंच मी खूश झालो. तारखा आपल्या पद्धतीच्या, दिवस-महिना-वर्ष, आणि सर्व्हरची सेटिंग महिना आधी धरणारी. १३ तारखेची ओळ आली तसा थांबला, अमुक नंबरची ओळ, अमुक कॉलम, तारीख बसत नाही, डेटस्टाइल सेटिंग बघ, असं चक्क उपायासकट सांगितलं. आता गंमत बघा, १ ते १२ तारखांच्या ओळी तो तोपर्यंत मुकाट्यानं घेत आला होता, ५ एप्रिलचं दूध ४ मेला टाकून. पण कॉपी म्हणजे सगळं नाहीतर काहीच नाही, एक ओळ चुकली की आख्खं परत फिरतं, त्यामुळं उलट्या तारखांची एक पण ओळ टेबलात राहिली नाही. राहिली असती तर दहा दिवसांच्या बिलांचा काय बट्ट्याबोळ झाला असता विचार पण करवत नाही.

तर १० लाखाला २५ सेकंद, मग १३ कोटींना तासाभरात काम खल्लास असा त्रैराशिक हिशोब केला आणि दुपारी साडेचारला कमांड मारली. त्रैराशिक इथं चालत नाही हे नंतर कळलं.

५ वाजून २० मिनिटं. स्क्रीनवर ओळ, सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्सपेक्टेडली. खाली अजून एक वाक्य की बहुतेक सर्व्हर वाकडा होऊन बंद पडलाय. मी म्हटलं नेट गेलं असेल. तेवढ्यात फोन. एका संस्थेचे सचिव, "साहेब, मशीनवर स्लिप निघंना झालीय, बायका रांगेत थांबल्यात." मग दुसरा, मग तिसरा, पाच मिनिटांत अकरा फोन. ॲपवर मेसेज येत होता की डेटाबेस रिकव्हरी मोडमध्ये आहे. माझी एक कमांड मेली तर संध्याकाळचं आख्खं संकलन का थांबावं, माझा पहिला राग हाच होता.

त्याचं कारण नंतर समजून घेतलं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस असते आणि सगळ्यांच्या मध्ये एक सामायिक मेमरी. एखादी प्रोसेस बाहेरून ठार झाली की वर बसलेला पोस्टमास्टर असं धरून चालतो की मरताना हिचा हात त्या सामायिक मेमरीत होता आणि अर्धवट काहीतरी खरडून गेली असेल. मग तो सगळ्यांची कनेक्शनं तोडतो, मेमरी नवी मांडतो आणि वॉल मधून, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या रोजनाम्यातून, सगळं पुन्हा जुळवून घेतो. एकाला ठसका लागला म्हणून आख्खी पंगत उठवायची असा प्रकार वाटतो खरा, पण ठसका लागलेला माणूस भाताच्या पातेल्यातच पडला असेल तर पंगत उठवलेलीच बरी. चार मिनिटांत स्वतःचा स्वतः उठून उभा राहिला, मी कशालाही हात लावला नव्हता. मी पहिलं काय बघितलं तर ५ वाजून १९ मिनिटांची एक स्लिप, म्हशीचं साडेचार लिटर, फॅट ६.८, क्रॅशच्या मिनिटभर आधीची. जागेवर होती. सचिवांना फोन करून विचारलं, कागदावर पण तेच. माझ्या तेरा कोटींतलं मात्र काहीच नाही, काउंट मारला तर बराच वेळ विचार करून शून्य.

आता इथून माझा मूर्खपणा सुरू. लॉग उघडला तर वरपासून खालपर्यंत एकच रडगाणं, चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर पक्के करायचं काम) फार लवकर लवकर होतायत, मॅक्स वॉल साइझ वाढवायचा विचार करा. डझनावारी ओळी. मी म्हटलं सापडलं. ही सेटिंग मुळात १ जीबी असते, मी डायरेक्ट २० केली. त्या रडगाण्याच्या खाली एक सरळ ओळ होती, अमुक नंबरची प्रोसेस सिग्नल ९ नं ठार, आणि त्याखाली ती प्रोसेस कुठली कमांड चालवत होती ते पण, माझीच कॉपी. मी ती वाचली आणि पुढं गेलो. ज्या ओळी शंभर वेळा येतात त्या महत्त्वाच्या वाटतात आणि जी एकदाच येते ती नजरेखालून निसटते.

दुसरा प्रयत्न त्याच रात्री अकराला, संकलन नाही, कुणाचा फोन नाही. १ वाजून १० मिनिटांनी परत आडवा, आणि ह्या वेळी उठेना. लॉगमध्ये पॅनिक असा शब्द, पीजी-वॉल फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, डिस्कवर जागा शिल्लक नाही. सुरू करायला गेलं की रिकव्हरीला जागा लागते, जागा नाही म्हणून परत पडतो. १०० जीबी डिस्क फुल, शून्य बाइट शिल्लक. आमचा ज्युनिअर शेजारी बसला होता, म्हणतो सर ह्या वॉल फोल्डरमध्येच ढिगानं फाइली आहेत, १६-१६ एमबीच्या, जुन्या जुन्या उडवू का? त्याच्या कीबोर्डवरचा हात अक्षरशः धरला मी. पूर्वी ह्या फोल्डरचं नाव पीजी-एक्सलॉग असं होतं, आणि जगभर लोकांनी "लॉग" वाचून, कचरा समजून, साफ करून आपापले डेटाबेस मारले, म्हणून व्हर्जन १० ला, २०१७ मध्ये, नावच बदललं त्यांनी. मला हे माहीत होतं ते फक्त आमच्या जुन्या डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या, काकांनी एकदा सांगितलं होतं म्हणून. तोच तो रोजनामा, त्याच्या जोरावरच संध्याकाळची म्हशीची स्लिप टिकली होती.

मग क्लाउडच्या पॅनलवरून डिस्क ५० जीबीनं वाढवली, फाइल सिस्टिम ताणली, सुरू केला. ह्या वेळी रिकव्हरीला बारा मिनिटं लागली. म्हणजे मॅक्स वॉल साइझ वाढवली की चेकपॉइंट कमी होतात, लोड पळतो, पण पडला की उठायलाही तेवढा जास्त वेळ, हा सौदा आहे, फुकट काही नाही. आणि ती मर्यादा पण पक्की नसते बरं का, नाव मॅक्स असलं तरी वेळ आली की तो तिच्या पुढं जातो.

जागा खाल्ली कुणी तर तिघांनी मिळून. एक, माझी २० जीबीची सेटिंग. दोन, पहिल्या वेळची मेलेली कॉपी. काउंट शून्य दाखवत होता ना, तर टेबलची साइझ बघितली, ७ जीबी. आत आलेल्या ओळी दिसत नाहीत पण डिस्कवर पडून राहतात, व्हॅक्यूम (साफसफाईची कमांड) मारेपर्यंत किंवा रिकामं टेबल असेल तर ट्रंकेट (टेबल पुसायची कमांड) करेपर्यंत. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. आणि तीन, खरा चोर, एक रेप्लिकेशन स्लॉट. आठवड्यापूर्वी आमच्यातल्याच एकानं ट्रायल म्हणून रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या मशीनवर डेटाबेसची जुळी प्रत, लावली होती, ती काढून टाकली, पण स्लॉट तसाच ठेवला. स्लॉट म्हणजे पोस्टग्रेसला दिलेला शब्द, की अमक्यानं वाचल्याशिवाय वॉल टाकू नकोस. तो अमका गेला मशीनसकट आणि हा बिचारा आठ दिवस त्याच्यासाठी ताट वाढून बसलेला. व्हर्जन १३ पासून ह्याच्यावर कमाल मर्यादा घालायची सेटिंग आहे, पण मुळात ती अमर्याद अशीच असते. का? मला तरी पटलं नाही. स्लॉट उडवला, चेकपॉइंट झाला, वॉल फोल्डर भराभर रिकामं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक सर्व्हरवर २ जीबीची एक बिनकामाची भरताड फाइल ठेवतो, डिस्क फुल झाली तर ती उडवायची आणि श्वास घ्यायला जागा करायची. गावाकडं कणगीच्या तळाशी बी-बियाण्याचं वेगळं ठेवतात तसं.

तिसरा प्रयत्न दुसऱ्या दिवशी रात्री. जागा भरपूर, टेबल साफ, स्लॉट नाही. व्हर्जन १४ पासून कॉपीची प्रगती दाखवणारा एक व्ह्यू आलाय, किती ओळी झाल्या ते दिसतं, फार कामाची वस्तू. ज्युनिअर आणि मी मॅचचा स्कोअर बघावा तसं बघत बसलो. ५ कोटी. ७ कोटी. ८ कोटी ९० लाख. ९ कोटी १० लाख, आणि धाडकन गेला. परत चार मिनिटात उठला. टेबलची साइझ बघितली, ७ जीबी, पहिल्या वेळी जितकी तितकीच. तेव्हा कुठं ट्यूब पेटली की हा दर वेळी एकाच ठिकाणी मरतोय, म्हणजे डिस्कचं प्रकरण मधलंच होतं, पहिल्या क्रॅशचं कारण अजून तसंच बसलंय.

रात्री साडेबाराला काकांना फोन केला. शिव्या घातल्या नाहीत, एकच प्रश्न, "लॉगमध्ये सिग्नल कितवा आहे?" म्हटलं ९. "मग पोस्टग्रेस कशाला चाळतोयस? ९ नंबर बाहेरून येतो. लिनक्सला विचार कुणी मारलं." फोन ठेवला त्यांनी.

लिनक्सला विचारायचं म्हणजे डीमेसेज, लिनक्सचा स्वतःचा लॉग दाखवणारी कमांड. एका कमांडचं काम, आणि पहिल्या दिवशी पाच मिनिटात झालं असतं. आउट ऑफ मेमरी, अमुक नंबरची पोस्टग्रेस प्रोसेस मारली. ह्याला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर म्हणतात. मशीनची रॅम संपली की लिनक्स सगळ्यात जाडजूड प्रोसेस शोधून तिला संपवतो. त्या ओळीत पुढं आकडे असतात आणि खरी मेख तिथं आहे. शेअर्ड मेमरी किती ते वेगळं आणि प्रोसेसची स्वतःची खाजगी मेमरी किती ते वेगळं, ॲनॉन-आरएसएस ह्या नावानं. शेअर्ड बफर्स, म्हणजे त्या सामायिक मेमरीचा मोठा हिस्सा, आमच्याकडे ४ जीबी ठेवलेले, रॅमच्या निम्मे. लोक साधारण पाव भाग ठेवा म्हणतात, ते एक आमचं चुकलं. पण खाजगी मेमरी ३२ लाख केबी, म्हणजे तीन जीबीच्या वर. एका कॉपीला? वर्क मेम, म्हणजे एकेका कामाला हाताशी मिळणारी मेमरी, ४ एमबी आहे, कॉपी ओळी वाचते आणि टेबलात टाकते, तिला तीन जीबी साठवायला काय लागलं?

उत्तर फॉरेन कीमध्ये निघालं. फॉरेन की म्हणजे ह्या टेबलातला कोड दुसऱ्या टेबलाच्या यादीत असलाच पाहिजे असा नियम. आमच्या टेबलावर तीन फॉरेन की, उत्पादक, संस्था आणि दरपत्रक. पोस्टग्रेस फॉरेन की ट्रिगरनं, म्हणजे ओळ आली की आपोआप चालणाऱ्या कामानं, तपासतो, आणि ती तपासणी कमांड संपल्यावर होते, ओळ आत येते तेव्हा नाही. तोपर्यंत "ही ओळ तपासायची राहिलीय" अशी एक चिठ्ठी मेमरीत अडकवून ठेवतो. चिठ्ठी छोटीच, डझनभर बाइटची. पण ओळीला तीन चिठ्ठ्या, ओळी ९ कोटी. ९ कोटी गुणिले ३ गुणिले १२, म्हणजे ३२४ कोटी बाइट. कागदावर हा गुणाकार केला आणि डीमेसेजचा आकडा शेजारी ठेवला, जुळला. तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं मला. आणि १० लाखाच्या टेस्टमध्ये ह्याच चिठ्ठ्या साडेतीन-चार कोटी बाइटच्या होत्या, चाळीस एमबीसुद्धा नाहीत, कोण बघतंय.

अर्धा स्टार मी इथं कापतो. ही चिठ्ठ्यांची रांग कुठल्याच सेटिंगच्या ताब्यात नाही. वर्क मेम लावा, मेंटेनन्स वर्क मेम लावा, हिला काही नाही, ही वाढतच जाते. लॉगमध्ये चेकपॉइंटसाठी शंभर वेळा ठणाणा करणारा माणूस ह्या बाबतीत तोंडातून अवाक्षर काढत नाही. मॅन्युअलमध्ये ढीगभर डेटा भरण्याच्या प्रकरणात लिहिलंय की कोट्यवधी ओळी भरताना ही रांग मेमरीबाहेर जाऊ शकते, तेव्हा फॉरेन की आधी काढणं नुसतं बरं नव्हे तर गरजेचंच ठरू शकतं. मान्य. पण एक वॉर्निंग टाकायला काय जातं? मॅन्युअल क्रॅश झाल्यावर वाचलं जातं हो, आधी कोण वाचतं.

फॉरेन कीचं काय करायचं ह्यावर ऑफिसात दोन गट पडले. एक सल्ला आला की सेशन रेप्लिकेशन रोल नावाची सेटिंग बदल, ट्रिगर झोपतात, लोड झाला की परत जागे कर. होतं खरं तसं, पण मधल्या काळात आत आलेल्या ओळी कधीच तपासल्या जात नाहीत, फॉरेन की दिसायला जागेवर आणि आत खोटं. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन की चेक बंद-चालू करायचं बटण आहे, तिथं पण हाच घोळ, परत चालू केल्यावर जुन्या ओळी तो तपासत नाही. सोय म्हणून छान, पण दुधाच्या पैशाला मी ते लावणार नाही. दुसरा सल्ला होता एफसिंक, म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं ह्याची खात्री, बंद कर, भुर्रकन होईल. एफसिंक बंद करून लाइट गेली तर डेटाबेस कायमचा जाऊ शकतो, आणि त्याच डेटाबेसमध्ये लाइव्ह संकलन. सल्ला देणाऱ्याला चहा पाजून जागेवर पाठवलं.

शेवटी केलं ते असं. फॉरेन की काढल्या, प्रायमरी की (ओळीची स्वतःची ओळख) सोडून बाकी इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन सापडायच्या सूची, पण काढले, कारण प्रत्येक ओळीमागं इंडेक्स दुरुस्त करत बसण्यापेक्षा शेवटी एकदम बांधलेला इंडेक्स लवकर होतो. शेअर्ड बफर्स २ जीबीवर आणले. मॅक्स वॉल साइझ ८. मेंटेनन्स वर्क मेम त्या रात्रीपुरती १ जीबी. आणि ती एक मोठी फाइल फेकून दिली, परत महिन्याच्या ३६ फाइली, त्या जुन्या फॉक्सप्रोवाल्यानं ठेवल्या होत्या तशाच. प्रत्येकी ३६ लाखांच्या आसपास ओळी, प्रत्येकीची वेगळी कॉपी, एक पडली तर तेवढीच परत. त्या माणसाला २ जीबीच्या भिंतीनं हे शिकवलं असेल, आम्हाला भिंत नव्हती म्हणून आम्ही तीनदा खड्ड्यात.

लिनक्सच्या बाजूला पण एक बदल केला, आणि ज्यांच्या सर्व्हरवर फक्त पोस्टग्रेस आहे त्यांनी हा आजच करावा असं माझं मत. ओव्हरकमिट मेमरी नावाची कर्नल सेटिंग २ वर ठेवायची, पोस्टग्रेसचं मॅन्युअलच सांगतं. मुळात लिनक्स कुणालाही वाटेल तितकी मेमरी कबूल करून बसतो आणि खरी द्यायची वेळ आली की बंदूक काढतो. २ वर ठेवलं की जास्त मागितली तर आधीच नाही म्हणतो. मग पोस्टग्रेसच्या त्या एका सेशनला आउट ऑफ मेमरी अशी साधी एरर येते, तेवढीच कमांड मागं फिरते, बाकीच्यांना पत्ता पण लागत नाही. पंगत उठत नाही. मात्र त्याच मशीनवर जावाचं वगैरे जड ॲप असेल तर सांभाळून, ती मंडळी आधीच भरमसाट मागून ठेवतात आणि २ वर त्यांची कुरकुर सुरू होते, शेजारची रेशो सेटिंग पण बघावी लागते.

चौथी रात्र. ३६ फाइली, ४८ मिनिटं. मध्ये दोन फाइली अडल्या, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये बसत नाही असा शून्य बाइट आलाय म्हणून, जुन्या फाइलीतली घाण. ओळ नंबर दिलाच होता, साफ केल्या, परत भरल्या, बाकीच्या ३४ ना धक्का नाही. व्हर्जन १७ पासून तारीख किंवा आकडा कॉलमात बसत नाही अशा ओळी सोडून पुढं जायचा पर्याय कॉपीला आलाय, २०२४ साली. इतक्या व्हर्जनांत कसं सुचलं नाही देव जाणे. पण पैशाच्या टेबलाला मी तो वापरीन का, माहीत नाही, मला अडणारा डेटाबेस आवडायला लागलाय. इंडेक्स बांधायला वीस मिनिटं, शेवटी ॲनालाइझ, म्हणजे टेबलाची मोजदाद, नाहीतर डेटा कसा शोधायचा ते ठरवणाऱ्या प्लॅनरला वाटतं टेबल अजून रिकामंच आहे आणि रिपोर्ट रांगायला लागतात.

फॉरेन की परत लावताना पोस्टग्रेसचं एक फीचर वापरलं, नॉट व्हॅलिड. म्हणजे आजपासून येणाऱ्या ओळी तपास, जुन्यांचं नंतर बघू. लगेच लागते. मग सवडीनं व्हॅलिडेट कमांड, ती जुन्या सगळ्या ओळी तपासते आणि तेवढा वेळ टेबलावरची रोजची कामं अडत नाहीत. सकाळचं संकलन चालू असताना चालवली मी, एकही फोन नाही.

क्लाउडवाल्यांबद्दल दोन शब्द, नाव घेत नाही. त्यांच्या पॅनलवरचा मेमरीचा ग्राफ क्रॅशच्या वेळी ७० टक्के दाखवत होता. पाच पाच मिनिटांची सरासरी काढतात, त्यात शेवटची चढण पुसली जाते. सपोर्टनं मला दोन दिवस तोच ग्राफ परत परत पाठवला, की बघा साहेब मेमरी शिल्लक आहे. डिस्क मात्र चालू मशीनवर दोन मिनिटात वाढवून मिळाली, तेवढं मान्य केलं पाहिजे.

बाकी किरकोळ तक्रारी. सेटिंगच्या मुळातल्या किमती अजून फार गरीब मशीन धरून ठेवल्यात, शेअर्ड बफर्स १२८ एमबी, मॅक्स वॉल १ जीबी, आजकाल फोनला ह्याच्या कितीतरी पट रॅम असते. प्रत्येक नव्या माणसानं पहिल्या दिवशी त्या बदलायच्या आणि त्यानं त्या बदलल्या नाहीत की दोष डेटाबेसचा. दुसरं, लॉग इतक्या रुक्ष इंग्रजीत असतो की रोज बघणाऱ्यालाच त्यातलं काय ओरडणं आणि काय नुसतं पुटपुटणं ते कळतं. पण खोटं बोलत नाही कधी. तिन्ही वेळा खरं कारण किंवा त्याचा धागा लॉगमध्ये होताच, मीच चुकीची ओळ वाचत बसलो.

व्हॅलिडेट कमांड उत्पादकांच्या फॉरेन कीवर अडली. टेबलात असा उत्पादक कोड आहे जो उत्पादकांच्या यादीतच नाही. शोधलं तर अशा १,१४० ओळी. दूध घातलंय, फॅट आहे, रक्कम आहे, माणूस नाही. सगळ्या मिळून नऊ कोड, एकाच तालुक्यातले. त्यांची प्रिंट काढून संघाच्या ऑफिसात जुन्या हेडक्लार्क मॅडमकडं नेली. त्यांनी चष्मा लावला, यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही वारलेली माणसं हो. कोड काढून टाकले आम्ही, पण पोरं त्याच नंबरावर अजून सहा महिने दूध घालत होती. थांबा, रजिस्टर आणते."